विण्यासारखा पहारा

(शताब्दी सोहळ्यात सायंकाळच्या हरिपाठानंतर, मुक्या जनावरांची सेवा करणाऱ्या आपल्या दिंडीतल्या मंडळींनी केलेलं निवेदन. बोललं तसंच लिहून काढलं आहे.)

माउली, हरिपाठ झालाय, पलीकडं आमटीला फोडणी बसलीय, तेव्हा फार लांबवणार नाही. आम्ही काही कीर्तनकार नव्हे. टाळ धरता येतो, पंगतीत वाढता येतं आणि गेल्या काही वर्षांत जखमी जनावराला पोत्यावर उचलून घेता यायला लागलंय. विश्वस्तांनी सांगितलं, शंभर वर्षांच्या सोहळ्यात तुमच्या कामाचंही दोन शब्द बोला. म्हणून उभे राहिलो. आमच्यातला एक जण बोलतोय, पण बोलणं सगळ्यांचं आहे.

या कामाची सुरुवात एका चुकीतून झाली. चूक दुसऱ्या कुणाची नव्हती, आपलीच होती.

सप्ताहाचा काला झाला होता. महाप्रसादाला भात, आमटी, गव्हाची हुग्गी. माणसं अंदाजापेक्षा कमी आली आणि दोन मोठी पातेली भात आणि बरीच हुग्गी उरली. आपल्याकडं उरलेलं अन्न टाकायचं जिवावर येतं, आणि ते बरोबरच आहे. मग कुणीतरी म्हणालं, गोमातेच्या मुखी जाऊ दे. देवळाच्या मागं एक मोकाट गाय नेहमी यायची. आकळ म्हणा की गाय म्हणा, आपल्या मैंदर्गीत दोन्ही भाषांत तिला सगळे ओळखत होते. आम्हीच ती पातेली तिच्यापुढं नेऊन रिकामी केली. ती खात होती आणि आम्ही हात जोडून उभे होतो. खोटं सांगत नाही, त्या वेळी फार समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंतीला टेकून बसलेली. रवंथ बंद. डाव्या कुशीकडून पोट टरारलेलं. दात करकर चावत होती. आम्हाला वाटलं, जड झालं असेल, उठेल दुपारपर्यंत. दुपारी उठली नाही तेव्हा डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सलाईन लावलं, औषध दिलं, होतं ते सगळं केलं. रात्री गाय गेली.

डॉक्टरांनी आम्हाला रागावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं. गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला सगळ्यांत मोठा, त्यात चारा मुरतो. तो मुरवणारे सूक्ष्म जीव कडब्याला, गवताला सरावलेले असतात. एकदम घमेलंभर शिजलेला भात, पोळ्या, गोड खीर त्यात गेली की दुसरेच जीव वाढतात, भसाभस आम्ल तयार होतं, पोटाचं काम थांबतं, आणि ते आम्ल रक्तात उतरतं. एखादी भाकरी, दोन चपात्या चालतात. पातेलं चालत नाही. लवकर बोलावलं तर पुष्कळदा वाचवता येतं, उशीर झाला की हातात काही राहत नाही.

त्या रात्री परत येताना कुणी कुणाशी बोललं नाही. मनात एकच होतं. आपला सप्ताह काही त्याच वर्षी पहिल्यांदा झाला नव्हता. याआधी अशी किती पातेली आपण हात जोडून रिकामी केली असतील?

त्यानंतर आपल्या दिंडीच्या स्वयंपाकात काय बदललं ते वाढपी मंडळींना ठाऊकच आहे. भात दोन हप्त्यांत शिजतो. उरलं तर आधी वस्तीवर माणसांना जातं. गाई-म्हशींना द्यायचं ते मूठ-दोन मूठ, तेही कडब्यावर. बाकीचं खड्ड्यात, खत होतं. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून काही म्हणजे काही बाहेर टाकायचं नाही, कारण गाय पिशवी सोडून आतलं खात नाही, ती पिशवीसकट गिळते. पिशवी पोटात साठत राहते.

तर गाईपासून असं सुरू झालं. कुत्र्याची गोष्ट वारीतली आहे.

एका आषाढीला गावातलं एक तांबडं कुत्रं दिंडीमागं लागलं. अक्कलकोटपर्यंत येईल आणि मागं फिरेल असं सगळ्यांना वाटलं. ते सोलापूरला आलं, तिऱ्ह्याला आलं, कामतीला मुक्कामाला पायाशी झोपलं. पोरं त्याला बुंदी चारायची, कुणी गळ्यात माळ घातली, कुणी फोटो काढले. वारकरी कुत्रं म्हणून कौतुक झालं. पण रस्त्यावर गाड्या भरधाव चालल्यात, त्याला दोरी लावून आतल्या बाजूनं चालवावं, एवढं एकाच्याही डोक्यात आलं नाही. माचणूरच्या अलीकडं गाडीनं उडवलं. मागचा पाय लोंबायला लागला.

दिंडी थांबली. गोल करून पंधरा-वीस माणसं उभी. कुणी तीर्थ पाजायला निघालं, कुणी हळद घेऊन आलं, कुणी म्हणालं, पांडुरंगाच्या वाटेवर गेलं, सोनं झालं जिवाचं. अजून गेलेलं नव्हतं ते. दोघं जण खाली बसले, उपरण्याच्या पट्टीनं त्याचं तोंड बांधलं, कारण दुखत असलं की ओळखीचं कुत्रंही चावतं. रिकाम्या पोत्यावर सरकवून घेतलं. एका ट्रॅक्टरवाल्या अण्णांनी ट्रॉलीत जागा दिली. ते दोघं मंगळवेढ्याकडं गेले आणि दिंडी पुढं चालू लागली.

त्या दोघांची त्या दिवसाची वाट चालून झाली नाही. रात्रीचं कीर्तन चुकलं. मुक्कामावर कुणीतरी खोचकपणे म्हणालंच, वारी सोडून कुत्र्यामागं गेले. तेव्हा आपले विणेकरी अप्पा नुसतं एवढंच म्हणाले, "नामदेवराय तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं धावले, तेव्हा त्यांची वारी चुकली म्हणून कुणी लिहून ठेवलंय का रे?"

ते कुत्रं आता तीन पायांवर चालतं. येताना मंडपाच्या दाराशी तुम्ही सगळे त्याला ओलांडून आलाय.

आता थोडं संतांबद्दल, आमच्या अधिकारात बसेल एवढंच. पैठणच्या रेड्याची कथा आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे गावी आहे, तिथं आजही माणसं माथा टेकतात. नाथांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाणी पाजलं, हेही आपण शंभरदा ऐकलंय. पण त्यात एक बारीक गोष्ट आहे ती आम्हाला हे काम करायला लागल्यावर दिसली. ते पाणी साधं नव्हतं. काशीहून कावडीनं खांद्यावर वाहून आणलेलं, रामेश्वराला घालायचं पाणी होतं. म्हणजे देवासाठी राखून ठेवलेलं नाथांनी गाढवासाठी खर्चून टाकलं. दिंडीच्या पेटीतले पैसे जनावरांच्या औषधाला द्यावेत का, असा प्रश्न मागं बैठकीत आला होता, तेव्हा आमच्या मनात हीच कावड होती. बोलायला मात्र त्या वेळी सुचलं नाही.

गाडगेबाबांचं तर काय सांगावं. आपली दिंडी निघाली त्याच सुमारास, १९२५ च्या आसपास, ते मूर्तिजापूरला गोरक्षणाचं काम उभं करत होते. देवाला बकरं कापण्याविरुद्ध त्यांनी गावोगाव कीर्तनं केली. त्यांच्या दहा कलमांच्या संदेशात भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी आहे, आणि मुक्या प्राण्यांना अभय हेही आहे. माणूस आणि जनावर अशी वाटणी त्यांनी केली नाही, दोन्ही एकाच यादीत घातले. माणसं उपाशी असताना कुत्र्याला औषध कशाला, असं जे आम्हाला विचारतात त्यांना आम्ही भांडत नाही. प्रश्न खरा आहे. एवढंच सांगतो, की ज्या घरांतून जनावरांसाठी हात येतो त्याच घरांतून माणसांच्या पंगतीलाही शिधा येतो. दुसरीकडून आलेला आम्ही अजून पाहिला नाही.

आता अडचणीचं बोलतो. त्यासाठीच खरं उभे आहोत.

कुत्रं बरं झालं तेव्हा मोबाईलवर आपला गट निघाला. बघता बघता साठ माणसं झाली. जखमी जनावराचा फोटो आला की साठ जण हात जोडल्याचं चित्र पाठवतात. रात्री अकरा वाजता दुधनी रस्त्याला वासरू पडलंय म्हणून फोन आला, की पोतं घेऊन जाणारे दोनच. तेच दोघं, दर वेळी. एकाची पहाटे दुधाची गाडी असते. दुसऱ्याच्या घरी वैनींनी एकदा स्पष्ट विचारलं, घरच्या म्हशीला ताप आहे तो कोण बघणार? त्यांचं काय चुकलं?

त्यात आमच्यातल्या एका पोराला कुत्रं चावलं. घाई केली, तोंड बांधलं नाही. घरच्यांनी जखमेत तिखट भरलं. हे आपल्याकडं अजून चालतं, म्हणून मुद्दाम सांगतो: तिखट नको, चुना नको, काही नको. साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुवायचं आणि थेट सरकारी दवाखाना. सुयांच्या तारखा डॉक्टर लिहून देतात, त्यातली एकही चुकवायची नाही. पिसाळीचा रोग एकदा दिसायला लागला की माणूस वाचत नाही, त्याआधी लस घेतली तर वाचतो. पोरगं बरं आहे. पण त्याच्या आईनं त्याला परत आमच्याबरोबर पाठवलं नाही, आणि मार्गशीर्षात आम्ही दोघं-तिघं बसून ठरवत होतो की हे आता बंद करावं.

अप्पांना सांगायला गेलो. ते वीणा पुसत होते. म्हणाले, "सप्ताहात हा सात दिवस खाली टेकतो का?"

म्हणलं, "नाही."

"मी एकटा धरतो का?"

"नाही अप्पा, पहारे असतात."

"मग तुम्ही दोघं एकट्यानं वीणा धरून उभे राहिलाय. हात दुखणारच."

एवढंच बोलले. पण आम्हाला वाट मिळाली. पहाऱ्याची रीत आपल्याला कुणी शिकवायला नको. दोन-दोन तासांची पाळी, फळ्यावर नाव. पहाऱ्याला उभा राहणारा सावकार आहे की सालगडी, कुणी विचारत नाही. आणि पुढचा आला नाही तर आधीचा वीणा खाली ठेवत नाही, पुढच्याच्या घरी निरोप जातो. आपण हे शंभर वर्षं करत आलोय. मग तसाच फळा जनावरांसाठी केला. आठवड्याचे सात वार, एका वाराला दोन घरं. माणूस नाही, घर. म्हणजे दादा रानात असेल तर वहिनी फोन घेतील, त्या नसतील तर म्हातारा अण्णा.

पाळीच्या घरानं करायचं काय? फार नाही. चार ठिकाणच्या दगडी डोण्या सकाळी धुऊन पाण्यानं भरायच्या, उन्हाळ्यात दोनदा. फोन आला तर जाऊन बघायचं, एकट्यानं नाही, दुसऱ्या घरातला एक घेऊन. गाय, बैल, म्हैस, शेळी असेल तर १९६२ ला फोन लावायचा. हा पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक आहे, त्यावरून फिरत्या दवाखान्याची गाडी मिळते. गाडी येईपर्यंत जनावराजवळ थांबायचं. जखमेत किडे पडलेले दिसले तर फिनाईल ओतायचं नाही, त्यानं आतलं मांस भाजतं. पोट फुगलेल्या जनावराला चार जणांनी धरून बाटलीनं काही ढोसायचं नाही, ते फुफ्फुसात उतरलं तर उपचार राहतो बाजूला. थांबायचं, सावली करायची, गर्दी हटवायची. आणि घरी आल्यावर वहीत दोन ओळी लिहायच्या.

हरीण, काळवीट, माकड, घोरपड असं रानातलं काही सापडलं तर हात लावायचा नाही, घरी तर आणायचंच नाही. सोलापूरच्या माळावर काळवीट आहेत, नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात. कुत्र्यांनी हाकललेलं पाडस कुणी मायेनं घरी आणून दूध पाजतं. ते दगावतं आणि वर कायद्यात सापडतो आपण. वन विभागाचा क्रमांक १९२६.

आपल्या जिल्ह्यात हे काम मोठ्या प्रमाणावर करणारी मंडळी आहेत हेही सांगायला हवं. 'अ‍ॅनिमल राहत' ही संस्था २००३ पासून सांगली, सोलापूर, सातारा या भागात कष्टाचे बैल, गाढवं, घोडी यांच्यावर फुकट उपचार करते. ऊसतोडीच्या हंगामात बैलाचा खांदा येतो, नाकातली वेसण जखम करते, त्यावर त्यांचं काम चालतं. थकलेल्या बैलांना त्यांनी सांगलीकडं आसरा केलाय. आमच्यासारख्यांनी त्यांच्याकडून शिकावं असं पुष्कळ आहे.

बैलाचा विषय निघालाच आहे म्हणून. १९६५ चे केंद्र सरकारचे नियम आहेत: ओझ्याच्या जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ अजिबात नाही. आपल्याकडं चैत्र-वैशाखात ३७ म्हणजे गारवा! आपल्या दिंडीत आता बैलगाडी एकच उरलीय, पण ज्यांच्या दावणीला बैल आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावं. जनावर चालतंय म्हणजे ठीक आहे असं नसतं. २०१८ साली माउलींच्या सोहळ्यातला हिरा नावाचा अश्व पुण्यात मुक्कामी असताना गेला, तेव्हा लाखो वारकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढी देखभाल असलेल्या जनावरालाही अचानक होतं, मग आपल्या दावणीचं काय.

राहिला पैसा. पहिल्या वर्षी आम्ही पंगतीत थाळी फिरवली. पैसे जमले, पण त्याबरोबर कुजबुजही जमली, आणि ती वाजवी होती, कारण हिशेब आमच्या खिशात होता. शिवाय नोंदणी नसलेल्या मंडळींनी धर्मादाय कामाला वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं, हेही आम्हाला माहीत नव्हतं. तेव्हापासून आम्ही हातात रोख घेत नाही. बाजारातल्या औषधाच्या दुकानात एक वही ठेवलीय. ज्याला द्यायचंय त्यानं तिथं जाऊन भरायचं, दुकानदार लिहितो, आम्ही औषध नेलं की तेही लिहितो. दर एकादशीला त्या वहीचं पान फळ्यावर उतरवतो. शिल्लक उणे असेल तर उणे लिहितो.

पण पैशापेक्षा वस्तू जास्त उपयोगी पडल्या. सुगी झाल्यावर ज्यांनी पाच-पाच पेंढ्या कडबा दिला, त्यावर पायाला पट्टी बांधलेली दोन वासरं उन्हाळाभर जगली. जुनी पोती, सुती साड्यांच्या पट्ट्या, दार मोडलं असेल तर ते फळकूट, मोठं जनावर नाही पण कुत्रं-शेळी त्यावर उचलता येते. आणि भजनी मंडळातल्या माउलींनी काढलेली तोड आम्हाला कधी सुचली नसती. एकादशीला भाकरी होत नाही, तर त्या दिवसाची घरटी एक मूठ ज्वारी डब्यात. महिन्याला दोन मुठी. त्याच्या भाकरी आजारी कुत्र्यांना जातात. एकादशी अन् दुप्पट खाशी असं म्हणतात ते बाजूला ठेवा, साबुदाणा कितीही खा, ज्वारीची मूठ मात्र डब्यात टाका.

एक सही मागायची आहे. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि पिसाळीची लस ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, २०२३ च्या नियमांत तसं आहे. दरवर्षी पिल्लं वाढत राहिली तर आम्ही कितीही पोती उचलली तरी पुरं पडायचं नाही, आणि लहान लेकरांना भीती ती वेगळीच. नगरपरिषदेला द्यायचा अर्ज लिहून तयार आहे. कुत्र्यांवर माया करणाऱ्यांनीही सही करावी आणि कुत्र्यांना कंटाळलेल्यांनीही करावी. दोघांना हवं ते याच एका गोष्टीतून मिळणार आहे, उगाच एकमेकांशी भांडताय.

फळा सुरू केल्यापासून त्या दोघांपैकी एकानं पहिल्यांदा सलग चार रात्री झोप काढली. ज्या पोराला कुत्रं चावलं त्याची आई गेल्या महिन्यात आपण होऊन आली. म्हणाली, मुलगा नको, मी डोण्या भरते. मंगळवार तिचा आहे.

फळा मंडपाच्या डाव्या खांबाला टांगलाय. सोमवार ते बुधवार भरलेत. शुक्रवार, शनिवारी एकेक घर आहे, दुसरं हवंय. रविवार वस्तीवरच्या मंडळींनी घेतला. गुरुवारी एकही घर नाही, आणि गुरुवारी अक्कलकोटला दर्शनाला जाणाऱ्या गाड्या जास्त असतात, त्यामुळं अपघातही त्याच दिवशी जास्त. पुढच्या गुरुवारी आम्ही दोघं आहोत. त्याच्या पुढच्या गुरुवारी कुणी नाही. खडू अप्पांच्या खिशात आहे, जेवायला जाताना त्यांच्याकडून मागून घ्या.

राम कृष्ण हरी.